इंजिन बदललं, काटे रुसले

या वेळी तीन पत्रं एकाच जातीची आली. जुनी गाडी, नवं इंजिन आणि डॅशबोर्डवर गोंधळ. पहिल्याला जागा जास्त दिली आहे, कारण त्या बाईंनी लक्षणं इतकी नीट लिहिली आहेत की निम्मं निदान त्यांनीच केलंय. उरलेली दोन थोडक्यात.

प्रश्न : काका, सप्रेम नमस्कार. माझ्या सासऱ्यांनी १९७६ साली घेतलेली अॅम्बॅसेडर अजून आमच्या दारात आहे. जुनं १४८९ सीसीचं इंजिन धूर ओकायला लागलं म्हणून दिवाळीनंतर फिटरकडून त्यात इसुझूचं १८०० सीसीचं पेट्रोल इंजिन, पाच गिअरच्या पेटीसकट बसवून घेतलं. पळते सुरेख. पण डॅशबोर्ड वेडा झालाय. अर्धी टाकी असताना पेट्रोलचा काटा पाऊण टाकी दाखवतो. टेम्परेचरचा काटा सहकारनगरहून निघून डेक्कनला पोहोचेपर्यंत लाल पट्ट्याला टेकतो, आणि रात्री हेडलाइट लावले की आणखी वर सरकतो. पेट्रोलचा मात्र हेडलाइटने हलत नाही. पाणी उकळत नाही, वाफ नाही. चावी फिरवल्यावर दोन्ही काटे पहिल्यासारखेच हळूहळू वर येतात. स्पीडोमीटर ६० दाखवतो तेव्हा मुलाच्या मोबाइलवर ५४ असतात. फिटर म्हणतो, "मीटर जुना झाला, नवीन टाका." टाकू का? आणि हो, हल्ली सेल्फ मारला की चोकची तार हाताला गरम लागते. — एक वाचक, सहकारनगर, पुणे

उत्तर : नका टाकू, ताई. तुमच्या मीटरने कुणाचं काही वाकडं केलेलं नाही.

डॉक्टरकडे अर्धा तास गुडघ्याबद्दल बोलून, चप्पल घालताना "आणि हो, जरा छातीत दुखतं" म्हणणारे पेशंट असतात ना, तसं तुम्ही चोकच्या तारेचं शेवटच्या ओळीत लिहिलंय. सुरुवात तिथूनच करायची. बाकीचे काटे महिनाभर थापा मारोत, ही तार आज बघा. तोवर गाडी काढू नका.

बॅटरीची निगेटिव्ह केबल तुमच्या गाडीत बॉडीला आवळलेली असणार. इंजिन बसलंय रबरी माउंटिंगवर, आणि रबरातून करंट जात नाही. म्हणून इंजिन आणि बॉडी यांच्यामध्ये तांब्याच्या जाळीची एक जाड पट्टी असते. जुनं इंजिन उतरवताना ती सुटली, नव्या इंजिनावर तिच्या भोकाचा बोल्ट सापडला नाही, आणि ती बहुधा फिटरच्या डब्यात राहिली. आता सेल्फ मारला की शेकडो अँपिअरला घरी परतायला रस्ता हवा. मोठा रस्ता बंद, म्हणून सगळी वाहतूक गल्लीबोळातून : चोकची तार, अॅक्सिलरेटरची तार, स्पीडोमीटरची केबल. त्या बारीक तारा तापणारच. चोकची तार जाते कुठे? कार्बोरेटरकडे. तिथे पेट्रोल आहे. पुढचं सांगायला नको.

हेडलाइटचं कोडंही यातच सुटतं. गाडी चालू असताना दिव्यांना करंट अल्टरनेटर देतो, आणि अल्टरनेटर आहे इंजिनावर. दिव्यांतून बॉडीत आलेला करंट इंजिनाकडे परतताना अडतो, त्यामुळे इंजिन बॉडीपेक्षा थोडं निगेटिव्ह होतं. टेम्परेचरच्या सेन्सरचं अर्थिंग (करंटचा परतीचा रस्ता) इंजिनातून, म्हणून त्याच्या काट्याला जास्त व्होल्टेज मिळतं आणि तो चढतो. पेट्रोलच्या फ्लोटचं (टाकीत तरंगून पातळी सांगतो तो) अर्थिंग टाकीतून बॉडीला. त्याचा इंजिनाशी संबंध नाही, म्हणून तो ढिम्म. "पेट्रोलचा मात्र हलत नाही" हे एक वाक्य तुम्ही लिहिलंत आणि माझा तासभर वाचवलात.

खात्री करायची तर मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवा. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर (क्लॅम्पवर नाही, खुंटीवर), दुसरं इंजिनाच्या उघड्या लोखंडावर. गाडी चालू, हेडलाइट लावलेले. ०.१, फार तर ०.२ व्होल्ट दिसले तर ठीक. सेल्फ मारताना अर्ध्या व्होल्टच्या आत हवं. तुमच्याकडे याहून बरंच जास्त निघेल असं मला वाटतं. नवी पट्टी नाना पेठेत कुठल्याही स्पेअरवाल्याकडे मिळते. बसवताना बोल्टखालची दोन्हीकडची जागा पॉलिश पेपरने पांढरी लखलखीत होईपर्यंत घासून घ्या.

घासण्याबद्दल मी इतकं का बोलतोय तेही सांगतो. १९८९ साली दुकान टाकून मला वर्षही झालं नव्हतं. एक डॉक्टर त्यांची फियाट घेऊन आले. इंजिनाचं काम नुकतंच झालेलं, काटे नाचत होते. मी मीटर बदलला. नाचले. दुसरा बदलला. तिसराही. मग ज्यांच्या हाताखाली मी शिकलो ते उस्ताद चहाला म्हणून आले, बॉनेटमध्ये डोकावले आणि खिशातून पॉलिश पेपरचा चतकोर तुकडा काढला. इंजिनाला छान हिरवा रंग मारला होता आणि अर्थिंगची पट्टी त्या रंगावरच आवळलेली होती. उस्तादांनी बोल्ट सोडला, रुपयाएवढी जागा घासली, बोल्ट आवळला आणि चहा अर्धवट टाकून निघून गेले. मला एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर बरं वाटलं असतं. तीन मीटरचे पैसे मी डॉक्टरांकडून घेतले नाहीत, एवढं माझ्या बाजूने नमूद करतो.

आता पेट्रोलचा काटा. टाकीला फिटरने हात लावलेला नाही, फ्लोट जुनाच, मीटर जुनाच, तरी तो जास्त दाखवतो. टेम्परेचरचाही जास्तच दाखवतो. दोन काटे एकाच दिशेला चुकले तर त्या दोघांच्यात सामायिक काय आहे ते शोधायचं. काटे हळूहळू वर येतात असं तुम्ही लिहिलंय, म्हणजे मीटर बायमेटलचे आहेत. आत दोन धातूंची जोडपट्टी, तिच्यावर गुंडाळलेली हीटरची तार. पट्टी तापते, वाकते आणि काट्याला ढकलते. (काटा चावीबरोबर टणकन उठत असता तर जात वेगळी आणि उत्तरही वेगळं.) अशा मीटरांना बॅटरीचं थेट व्होल्टेज चालत नाही, कारण ते १२ पासून १४ पर्यंत वरखाली होतं. म्हणून मीटरच्या मागे काडेपेटीएवढा पत्र्याचा एक डबा असतो, व्होल्टेज स्टॅबिलायझर. तो सारखा चालू-बंद होत सरासरी १० व्होल्ट पुढे देतो. पण हे चालू-बंद करायला त्याच्या आतलीही एक पट्टी तापावी लागते, आणि त्यासाठी डब्याच्या पत्र्याला अर्थिंग लागतं. ते तुटलं की पट्टी तापत नाही, कॉन्टॅक्ट कायम जोडलेले राहतात आणि मीटरांना सरळ १४ व्होल्ट मिळतात. दोन्ही काटे खुशीत वर.

हे अर्थिंग कधी तुटलं असेल? नव्या गिअरपेटीसाठी स्पीडोमीटरची केबल बदलली असणार, त्यासाठी मीटरचा संच बाहेर ओढला असणार, आणि परत बसवताना डब्याचा स्क्रू सैल राहिला किंवा त्याखालची काळी वायर लोंबकळत राहिली. डब्याच्या पत्र्यापासून बॉडीपर्यंत एक वायरचा तुकडा धरून बघा. मिनिटाभरात पेट्रोलचा काटा खाली यायला लागला तर चोर सापडला. डबा तपासायला डिजिटल मल्टिमीटर वापरू नका, आकडे उड्या मारतील आणि डोकं फिरेल. साधा टेस्ट लॅम्प लावा. काजव्यासारखा लुकलुकला तर डबा जिवंत, एकसारखा जळत राहिला तर अर्थिंग नाही किंवा डबा गेला. गेलाच असेल तर ७८१० नावाची तीन पायांची आयसी तपकीर गल्लीत मिळते. कुणीही वायरमन ती जुन्याच डब्यात बसवून देईल, बाहेरून कळणारही नाही.

एवढं केल्यावर पेट्रोलचा काटा शहाणा होईल. टेम्परेचरचा पूर्ण होणार नाही, असा माझा अंदाज. कारण इथे तिसरी भानगड आहे आणि ती पत्रिकेची आहे.

इंजिनातला सेन्सर (आमच्या धंद्यात याला टेम्परेचरचा बल्ब म्हणतात) आणि डॅशबोर्डचा मीटर ही कारखान्यात लावून दिलेली जोडी असते. पाणी तापत जातं तसा सेन्सरचा रेझिस्टन्स उतरतो, करंट वाढतो, काटा चढतो. इथपर्यंत सगळ्या कंपन्यांचं एकमत. पण किती अंशाला किती ओहम, हे ज्याचं त्याचं वेगळं. पेट्रोलच्या फ्लोटचं उदाहरण घ्या. एका पद्धतीत रिकाम्या टाकीला २४० ओहम आणि भरलेल्या टाकीला ३३. दुसरीत रिकाम्याला १० आणि भरलेल्याला १८०. या दोघांचं लग्न लावलंत तर टाकी रिकामी होत जाईल तसा काटा भरत जाईल. तुमच्या गाडीत आता इसुझूचा सेन्सर आणि अॅम्बॅसेडरचा जुना मीटर असा संसार चाललाय.

जुना सेन्सर जुन्या इंजिनावरच असेल, तो काढून आणा. नवाही काढा, पण इंजिन पूर्ण गार असताना. एका पातेल्यात पाणी घ्या (चहाचं पातेलं नको, कूलंटमध्ये विषारी रसायन असतं), दोन्ही सेन्सर तारेने असे लोंबकळवा की पितळी बूड पाण्यात आणि वरचं टर्मिनल कोरडं. शेजारी थर्मामीटर, तापाचा नव्हे, प्रयोगशाळेतला. मल्टिमीटर ओहमवर, एक टोक टर्मिनलला, एक पितळेला. गॅस मंद ठेवा आणि ४०, ६०, ८० अंशांना दोन्हींचे आकडे वहीत लिहा. शेवटचा आकडा उकळत्या पाण्याचा, पण तिथे १०० लिहू नका. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंच आहे, आपल्याकडे पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळतं. ८० अंशांना नव्याचा रेझिस्टन्स जुन्याच्या निम्मा किंवा त्याहून कमी निघाला, तर काटा लाल पट्ट्याला का टेकतो ते वहीतच दिसेल.

मग जुना सेन्सर नव्या इंजिनात बसवायचा. आटे बहुधा जुळणार नाहीत. दोन्ही सेन्सर घेऊन चांगल्या लेथवाल्याकडे जा आणि पितळी बुश करून घ्या, बाहेरून नव्याचे आटे, आतून जुन्याचे. त्याला सांगा, बुश आखूड ठेव. लांब झाला तर सेन्सरचं बूड वाहत्या पाण्यात न पोहोचता बुशच्या खोबणीत राहतं आणि काटा उशिरा आणि कमी दाखवतो. जास्त दाखवणारा मीटर माणसाला घाबरवतो, कमी दाखवणारा इंजिन खातो. आट्यांवर टेफ्लॉन टेपचे पाच-सात वेढे देऊ नका. सेन्सरला अर्थिंग आट्यांतूनच मिळतं, टेपने ते अडतं. दोन वेढे पुरेत.

हे सगळं मीटरचं झालं. पण इसुझूचं इंजिन मोठं, ते उष्णताही जास्त टाकणार, आणि तुमचा रेडिएटर जुनाच असेल तर गाडी खरोखर तापते का हे एकदा स्वतंत्रपणे बघाच. पिस्तुलासारखं इन्फ्रारेड थर्मामीटर मिळतं. कात्रजचा घाट चढून वर थांबा आणि थर्मोस्टॅटच्या (रेडिएटरकडे पाणी सोडणाऱ्या झडपेच्या) घराजवळ धरा. ८५-९० दिसले तर बिनघोर राहा. १०० च्या वर गेलं तर मीटर सोडा, आधी रेडिएटरवाला गाठा. गरम इंजिनाचं झाकण उघडू नका. हे वाक्य मी या सदरात दरवर्षी लिहितो आणि दरवर्षी कुणीतरी हात भाजून येतं.

स्पीडोमीटरचं सोपं आहे. केबल फिरवणारं छोटं दातेरी चाक गिअरपेटीत असतं. ते, मागच्या धुऱ्याचं गुणोत्तर आणि टायर, या तिघांचं गणित जुळलं तरच वेग खरा. तुमच्याकडे पेटी बदलली, धुरा जुनाच राहिला. ५४ ला ६० म्हणजे केबल नऊला दहा या हिशेबाने जास्त फिरते. समजा चाकाला १८ दात असतील तर २० दातांचं हवं, दात वाढले की केबल मंदावते. मोबाइलवर विश्वास नसेल तर सातारा रस्त्यावर किलोमीटरचे दगड आहेत. ६० च्या काट्यावर स्थिर चालवा आणि दोन दगडांमधला वेळ शेजारच्याला मोजायला सांगा. खरे ६० असतील तर ६० सेकंद, तुमच्याकडे ६६-६७ येतील. काटाच उचलून खाली बसवून देतो म्हणणारा भेटेल, त्याच्या नादी लागू नका. काटा गप्प बसेल, किलोमीटरचे आकडे चुकीचेच पळतील.

शेवटी कागद. इंजिन बदललं की मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरटीओकडे कळवावं लागतं आणि आरसीवर नवा इंजिन नंबर चढवावा लागतो. संगम पुलाजवळच्या कचेरीत एक फेरी घाला. विमा कंपनीलाही कळवा. आणखी एक, हे तुम्ही विचारलेलं नाही. २०२१ साली केंद्राने पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी 'व्हिंटेज' नोंदणीचे नियम आणले. त्यात गाडी मूळ स्वरूपात हवी, चासी, बॉडी, इंजिनात मोठा फेरफार नको. तुमची १९७६ ची. सासऱ्यांच्या गाडीला ती पाटी लावायचं कधी मनात आलं तर ते धूर ओकणारं १४८९ सीसीच लागेल. भंगारवाल्याला दिलं नसेल तर तेल ओतून, भोकांना बोळे लावून कोपऱ्यात ठेवा.

प्रश्न : शेतावरच्या जुन्या जीपमध्ये नवं डिझेल इंजिन बसवलं. अँपिअर मीटरच्या मागून जळका वास येतो. चार्जिंगच्या लाल दिव्याचा बल्ब सारखा उडायचा म्हणून एलईडी लावला, तर आता गाडी रेस केल्याशिवाय चार्जिंगच सुरू होत नाही. — मुळशी

उत्तर : दादा, वास येतोय तर आधी बॅटरीची केबल काढा, मग पुढचं वाचा.

जुन्या जीपमध्ये चार्जिंगचा सगळा करंट त्या अँपिअर मीटरमधून जातो. तो मीटर डायनॅमोच्या काळातला, ३० अँपिअरचा. नव्या इंजिनाचा अल्टरनेटर ५०-६० अँपिअर सहज फेकतो. बैलगाडीच्या चाकोरीत ट्रक घातल्यासारखं झालं. मीटरच्या मागच्या दोन्ही जाड वायरी काढून एका बोल्टने घट्ट एकत्र जोडा, वर जाड स्लीव्ह चढवा, आणि अल्टरनेटरपासून बॅटरीपर्यंत नवी जाड केबल फ्यूजसह ओढून घ्या. त्या भोकात व्होल्टमीटर बसवा. बंद गाडीला १२.६ च्या आसपास, चालू गाडीला १३.८ ते १४.४, एवढं लक्षात ठेवलं की बस.

लाल दिव्याचं असं, की तो नुसता दिवा नाही. त्याच्यातून जाणारा थोडासा करंटच अल्टरनेटरला जागं करतो. एलईडी इतका कंजूष की तेवढंही पोहोचत नाही. जुना २ ते ३ वॉटचा फिलामेंटचा बल्ब परत लावा. एलईडीच ठेवायचा हट्ट असेल तर त्याला समांतर ६८ ओहम, ५ वॉटचा रेझिस्टर जोडा.

प्रश्न : काका, माझ्या पद्मिनीत प्रीमियरच्याच ११८ एनई गाडीचं इंजिन आहे. ऑइल प्रेशरचा नवा मीटर लावला. इंजिन चालू केलं की काटा सरळ शेवटच्या आकड्याला, बंद केलं की शून्य. मध्ये कुठे थांबतच नाही. प्रेशर खरंच इतकं असेल का? — इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, चिंचवड

उत्तर : नाही रे. तू मीटरची वायर दिव्याच्या स्विचला जोडलीयेस. इंजिनावर आधीपासून होता तो स्विच, त्याला प्रेशर आहे किंवा नाही एवढंच बोलता येतं. किती आहे ते सांगायला मीटरबरोबर मिळालेला मोठा, डबीएवढा सेंडर लागतो. तो खोक्यात पडला असेल, बघ.

स्विच काढून टाकू नकोस. पितळी टी बसव, एका तोंडाला स्विच, दुसऱ्याला सेंडर. पण जड सेंडर थेट इंजिनावर लटकवलास तर थरथरून टीचा गळा तुटतो आणि दोन मिनिटांत सगळं ऑइल रस्त्यावर. म्हणून छोटा प्रेशरचा होज टाकून सेंडर बॉडीला क्लॅम्प कर. होज रबरी असला तर सेंडरच्या अंगाला अर्थिंगची वेगळी वायर द्यावी लागेल, नाहीतर पुढच्या महिन्यात काटा हलत नाही म्हणून तुझंच पत्र येईल. नीट बसल्यावर इंजिन पूर्ण तापू दे आणि बघ : दर हजार आरपीएमला साधारण १० पीएसआय मिळत असेल तर इंजिन ठणठणीत आहे. आणि चालत्या गाडीत काटा काहीही सांगो, लाल दिवा लागला तर चावी बंद कर.